घटक ५ : रित्या होत जाणाऱ्या देशातील उंच मनोरे – आयर्लंडची वास्तुकला (१८६०–१९०१)

५.१ उद्दिष्टे

एखाद्या वास्तूची ओळख आपण बहुधा तिच्या शैलीच्या नावाने करून घेतो. टोकदार कमानी दिसल्या की ‘गॉथिक’, घुमट आणि स्तंभ दिसले की ‘अभिजात’, एवढ्यावर आपले समाधान होते. या घटकाच्या अभ्यासानंतर तुम्हांला त्यापुढे जाऊन चार साधे प्रश्न विचारता यावेत, अशी अपेक्षा आहे : पैसा कोणाचा? आराखडा कोणाचा? दगड आणि हात कोठले? आणि ही वास्तू उभी राहिली ती नेमकी कोणासाठी? त्यासाठी वास्तुशास्त्राचे पूर्वज्ञान लागणार नाही. लागेल ती थोडी सावकाश पाहण्याची सवय.

५.२ प्रास्ताविक

प्रथम दोन आकडे लक्षात घ्या. १८४१च्या जनगणनेत आयर्लंडची लोकसंख्या सुमारे ८१ लाख ७५ हजार होती. १९०१च्या जनगणनेत ती सुमारे ४४ लाख ५९ हजार भरली. मधल्या साठ वर्षांत हा देश जवळजवळ निम्मा झाला. १८४५पासून बटाट्याच्या पिकावर पडलेल्या रोगामुळे जो दुष्काळ ओढवला, त्यात सुमारे दहा लाख माणसे भुकेने आणि तापाने मेली. त्याहून अधिक लोक जहाजांत बसून निघून गेले आणि ही रीघ पुढे पिढ्यान्‌पिढ्या थांबली नाही.

आता दुसरी बाजू पाहा. नेमक्या याच साठ वर्षांत आयर्लंडमध्ये कॅथीड्रले, चर्च, मठ, शाळा, बँका, वस्तुसंग्रहालये आणि नगरभवने मोठ्या संख्येने बांधली गेली. माणसे कमी होत होती आणि मनोरे चढत होते. ही विसंगती कशी समजून घ्यावी, हा या घटकाचा मध्यवर्ती प्रश्न आहे.

उत्तराकडे वळण्यापूर्वी राजकीय चौकट ध्यानात ठेवावी लागेल. १८०१पासून आयर्लंडची स्वतंत्र संसद बरखास्त झाली होती आणि देशाचा कारभार लंडनच्या संसदेतून चाले. राणी व्हिक्टोरियाची कारकीर्द १८३७ ते १९०१ अशी. या काळात आयर्लंडला स्वतःचे सरकार नव्हते, त्यामुळे ‘राष्ट्राची वास्तू’ म्हणून काही बांधण्याचा अधिकार आयरिश जनतेच्या हाती नव्हता. जे बांधले ते धर्मसंस्थांनी, व्यापाऱ्यांनी आणि ब्रिटिश सरकारच्या खात्यांनी. आपण कोण आहोत, हे सांगण्याची जनतेची असोशी त्यामुळे नगरभवनाऐवजी चर्चच्या शिखरातून आणि एखाद्या स्पर्धेच्या निकालावर उठलेल्या गदारोळातून व्यक्त झाली.

५.३ पै पैशाची कॅथीड्रले

१८६१च्या जनगणनेनुसार आयर्लंडमधील शंभरांतील जवळजवळ अठ्ठ्याहत्तर माणसे कॅथॉलिक होती. तरीही मध्ययुगीन कॅथीड्रले, म्हणजे देशातील सर्व जुनी महत्त्वाची देवस्थाने, सोळाव्या शतकापासून प्रॉटेस्टंट पंथाच्या ‘चर्च ऑफ आयर्लंड’कडे होती. या चर्चचे अनुयायी सुमारे बारा टक्के. अठराव्या शतकातील निर्बंधांमुळे बहुसंख्य कॅथॉलिकांची उपासना गवताने शाकारलेल्या साध्या चॅपेलांत किंवा शहरांतील आडगल्ल्यांत चाले. १८२९मध्ये कॅथॉलिकांना संसदेची दारे खुली झाली आणि त्यानंतर चर्चबांधणीची जी लाट आली, ती शतक संपेपर्यंत ओसरली नाही.

आर्मा या गावाचे उदाहरण घेऊ. संत पॅट्रिकचे पीठ म्हणून आयर्लंडच्या धर्मजीवनात आर्माला अग्रस्थान आहे. तेथील एका टेकडीवर संत पॅट्रिकच्याच नावाचे जुने कॅथीड्रल आहे, ते चर्च ऑफ आयर्लंडचे. समोरच्या टेकडीवर १७ मार्च १८४० रोजी, म्हणजे पॅट्रिकच्या सणादिवशी, त्याच संताच्या नावाने कॅथॉलिक कॅथीड्रलची कोनशिला बसवली गेली. आराखडा टॉमस डफ यांचा होता. दुष्काळ आला. जमवलेला पैसा भुकेल्यांकडे वळवणे भाग पडले आणि काम थांबले. भिंती तशाच अर्धवट उभ्या राहिल्या. १८५४मध्ये काम पुन्हा हाती घेतले तेव्हा डफ हयात नव्हते. नवे वास्तुरचनाकार जे. जे. मॅकार्थी यांची गॉथिकविषयीची कल्पना वेगळी होती. परिणाम असा झाला, की भिंतींचा खालचा भाग गॉथिकच्या उत्तरकालीन उभट, सरळ रेषांच्या धाटणीचा, तर वरचा भाग त्याआधीच्या, अधिक नक्षीदार धाटणीचा. खरोखरीच्या मध्ययुगात क्रम उलटा होता. जाणकार याला दोष मानतात. प्रस्तुत लेखकाला मात्र ही त्या वास्तूची सर्वांत बोलकी खूण वाटते. शैली जेथे बदलते, तेथे भिंतीत दुष्काळ दिसतो.

पैसा कसा जमला, तेही पाहण्याजोगे आहे. १८६५मध्ये या कॅथीड्रलसाठी मोठा बाजार भरवला गेला आणि त्यातून सात हजार पौंडांहून अधिक रक्कम उभी राहिली. त्यात बक्षीस म्हणून ठेवलेले एक उंच घड्याळ विजेत्याने नेलेच नाही. ते कॅथीड्रलच्या वस्त्रागारात राहून गेले, असे सांगतात. १८७३मध्ये कॅथीड्रल उपासनेसाठी खुले झाले. कोनशिलेपासून तेहतीस वर्षांनी.

याहून मोठे उदाहरण दक्षिण किनाऱ्यावरच्या कोव्ह बंदराचे आहे. १८४९मध्ये राणी व्हिक्टोरियाने भेट दिल्यावर या गावाचे नाव ‘क्वीन्सटाउन’ झाले होते. स्वातंत्र्याच्या सुमारास ते पुन्हा कोव्ह झाले. अमेरिकेकडे जाणाऱ्या जहाजांचा हा शेवटचा थांबा. १८४८नंतरच्या शंभर वर्षांत सुमारे २५ लाख माणसांनी याच बंदरातून देश सोडला, असे मानले जाते. बंदरामागच्या तीव्र उतारावर १८६८मध्ये संत कोलमनच्या कॅथीड्रलचे काम सुरू झाले. वास्तुरचनाकार होते एडवर्ड वेल्बी प्यूजिन आणि जॉर्ज कॉपिंजर ॲशलिन. प्यूजिन हे इंग्लंडमधील गॉथिक पुनरुज्जीवनाचे प्रणेते ऑगस्टस प्यूजिन यांचे पुत्र. ॲशलिन कॉर्क परगण्यातले आणि प्यूजिन घराण्याचे जावई. दोघांची भागीदारी लवकरच संपली आणि पुढची पन्नास वर्षे ही वास्तू प्रामुख्याने ॲशलिन यांच्या नजरेखाली वाढली.

बाहेरच्या भिंती डब्लिनजवळच्या डाल्की येथील निळसर ग्रॅनाइटच्या आहेत. खिडक्यांच्या चौकटी व कडा मॅलो येथील चुनखडीच्या. ग्रॅनाइट कठीण असतो, त्याच्यावर बारीक नक्षी उतरत नाही, चुनखडीवर उतरते. म्हणून भिंतीला एक दगड आणि कोरीवकामाला दुसरा, ही त्या काळच्या आयरिश पाथरवटांची नेहमीची रीत होती. आतील कोरीवकामात आयरिश धर्मेतिहासातील प्रसंग आहेत. मनोरा १९१५मध्ये पूर्ण झाला. त्याची उंची सुमारे ९१ मीटर आहे. १९१९मध्ये विधिपूर्वक प्रतिष्ठापना झाली तेव्हा एकूण खर्च दोन लाख ३५ हजार पौंडांवर गेला होता.

एका लहानशा बंदरगावाला हा खर्च पेलणे शक्य नव्हते. पैसा आला तो पंचक्रोशीतील लहान वर्गण्यांतून आणि समुद्रापलीकडून. अमेरिकेत व ऑस्ट्रेलियात गेलेल्या आयरिश लोकांनी तो पाठवला. प्रास्ताविकात मांडलेल्या विसंगतीचे उत्तर येथे सापडू लागते. देश रिता होत होता म्हणूनच मनोरे चढू शकले. गेलेली माणसे परत येऊ शकत नव्हती, त्यांचा पैसा येऊ शकत होता. जहाज बंदराबाहेर पडताना शेवटी दिसणारी वस्तू म्हणजे ही टेकडीवरची भिंत. १८७९मध्ये तेथे पहिली मिसा झाली. मनोरा नव्हता तेव्हाही भिंती आणि परांची समुद्रातून दिसत असणारच.

आणखी एक तपशील येथे नोंदवला पाहिजे. या बांधकामावर देखरेख करणारे चार्ल्स डोरन हे व्यवसायाने बांधकाम-पर्यवेक्षक. त्याच वेळी ते ब्रिटिश सत्ता उलथू पाहणाऱ्या आयरिश क्रांतिकारकांच्या गुप्त संघटनेच्या सर्वोच्च मंडळाचे काही काळ चिटणीस होते. कॅथॉलिक धर्माधिकाऱ्यांनी अशा गुप्त संघटनांचा निषेध केला होता. तरी धर्माधिकाऱ्यांचे कॅथीड्रल उभे करणारा माणूस रात्री कोणती पत्रे लिहीत होता, हे त्या दगडांवर कोठेही कोरलेले नाही. वास्तूचे वाचन करताना भिंतीवर न दिसणाऱ्या अशा गोष्टींचीही आठवण ठेवावी लागते.

आपली प्रगती तपासा : आर्मा येथील कॅथीड्रलच्या भिंतींत शैली कोठे व का बदलते, ते पाच-सहा वाक्यांत लिहा.

५.४ अल्पसंख्यांची वैभवशाली मंदिरे

दुसऱ्या बाजूला काय चालले होते? कॉर्क शहरात चर्च ऑफ आयर्लंडने सेंट फिन बार कॅथीड्रलसाठी १८६२मध्ये स्पर्धा जाहीर केली. खर्चाची मर्यादा होती १५ हजार पौंड. निवड झाली ती विल्यम बर्जेस या इंग्लिश वास्तुरचनाकाराची. तीन टोकदार शिखरे आणि तेराव्या शतकातील फ्रेंच गॉथिकची छाया असलेला त्यांचा आराखडा मर्यादेत बसणार नाही, अशी तक्रार पराभूत स्पर्धकांनी केली आणि ती खरी ठरली. १८७०मध्ये प्रतिष्ठापना झाली, शिखरे त्याच दशकाच्या अखेरीस पुरी झाली आणि खर्च एक लाख पौंडांच्या वर गेला. बर्जेस यांनी बाराशेहून अधिक शिल्पे, फरशी, काचचित्रे, दारांचे लोखंड, सारे स्वतः योजले. कॉर्कमधील श्रीमंत व्यापाऱ्यांनी पदराला खार लावून ते पुरे केले.

बर्जेस यांचे नाव मुंबईशीही जोडलेले आहे. याच दशकात त्यांनी मुंबईच्या जे. जे. कलाशाळेसाठी आराखडे केले होते. ते आराखडे घेऊन त्यांचे शिष्य विल्यम एमर्सन भारतात आले. कलाशाळा त्या आराखड्याप्रमाणे झाली नाही, पण एमर्सन येथे राहिले आणि क्रॉफर्ड मार्केट त्यांच्या हातून उभे राहिले. कॉर्कमधील कॅथीड्रल आणि मुंबईतील मंडई यांच्या कमानींत काही ओळखीचे वाटले, तर त्याचे कारण हे आहे. साम्राज्यात माणसे आणि आराखडे अशा रीतीने फिरत असत.

१८६९च्या कायद्याने चर्च ऑफ आयर्लंडचा सरकारी दर्जा काढून घेतला गेला. अंमल १ जानेवारी १८७१पासून सुरू झाला. आता या चर्चलाही देणगीदारांकडे पाहावे लागले. डब्लिनमधील जुने ख्राइस्ट चर्च कॅथीड्रल १८७१ ते १८७८ या काळात जॉर्ज एडमंड स्ट्रीट यांनी जवळजवळ नव्याने बांधले. दोन लाखांहून अधिक पौंडांचा भार हेन्री रो या व्हिस्कीच्या कारखानदाराने एकट्याने उचलला. जवळच्या सेंट पॅट्रिक कॅथीड्रलचा जीर्णोद्धार त्याआधी बेंजामिन गिनेस यांनी केला होता, तो बिअरच्या नफ्यातून. डब्लिनकरांनी यावर विनोद केले नसते तरच नवल.

५.५ ‘आयरिश’ शैलीचा शोध

गॉथिक ही इंग्लंड-फ्रान्सची शैली. मग आयर्लंडची स्वतःची शैली कोणती? हा प्रश्न विचारला जाण्यामागे पुरातत्त्वाचे मोठे काम होते. जॉर्ज पेट्री यांनी १८४५च्या ग्रंथात आयर्लंडभर विखुरलेले उंच गोल मनोरे हे ख्रिस्ती मठांचे घंटाघर होते, असे सिद्ध केले. तोवर कोणी त्यांना अग्निपूजकांचे, कोणी फिनिशियनांचे ठरवत होते. पुढे लॉर्ड डनरेव्हन यांचे ‘नोट्स ऑन आयरिश आर्किटेक्चर’ हे छायाचित्रांसह सिद्ध झालेले काम त्यांच्या मृत्यूनंतर मार्गारेट स्टोक्स यांनी १८७५ ते १८७७ या काळात संपादून प्रकाशित केले. स्टोक्स यांचे स्वतंत्र पुस्तक १८७८चे. विद्यापीठांची दारे स्त्रियांना बंद असताना त्यांनी हे काम केले, याची नोंद घ्यायला हवी.

या अभ्यासातून बाराव्या शतकातील आयरिश रोमनेस्क शैली पुढे आली. कॅशेलच्या खडकावरील, ११३४मध्ये प्रतिष्ठापित झालेले कॉर्मॅकचे चॅपेल हा तिचा नमुना. अर्धगोल कमानींच्या एकात एक ओळी, नागमोडी नक्षी, उतरते दगडी छप्पर आणि शेजारी गोल मनोरा. इंग्रजांचे पाऊल पडण्यापूर्वीची शैली म्हणून तिला भावनिक वजन प्राप्त झाले. डब्लिनच्या ग्लासनेव्हिन दफनभूमीत कॅथॉलिकांचे नेते डॅनिएल ओ’कॉनेल यांच्या समाधीवर सुमारे ५० मीटर उंचीचा गोल मनोरा उभारला गेला आणि १८६९मध्ये त्यांच्या अस्थी तेथे ठेवल्या गेल्या. १८७०मध्ये डब्लिनच्या नदीकाठी बांधलेल्या ‘आयरिश हाऊस’ नावाच्या मद्यगृहाने तर कठड्यावर छोट्या गोल मनोऱ्यांची रांगच लावली. राष्ट्रचिन्ह आणि पाटी यांतले अंतर फार नसते.

येथे विद्यार्थ्यांची एक चूक हमखास होते. ‘आयरिश शैली म्हणजे कॅथॉलिक राष्ट्रवाद्यांची शैली’ असे सरळ समीकरण मांडले जाते. ते तपासून पाहा. गोल मनोऱ्यासह आयरिश रोमनेस्कमध्ये बांधलेले एक आरंभीचे नवे चर्च म्हणजे बेलफास्टजवळच्या जॉर्डन्सटाउन येथील सेंट पॅट्रिक (१८६६–६८). वास्तुरचनाकार डब्ल्यू. एच. लिन, आणि हे चर्च आहे चर्च ऑफ आयर्लंडचे. संत पॅट्रिकच्या प्राचीन धर्मपरंपरेचे खरे वारस आपणच, हा त्या पंथाचाही दावा होता. उलट थर्लेस येथील कॅथॉलिक आर्चबिशपांनी १८६५मध्ये मॅकार्थी यांच्याकडून कॅथीड्रल बांधून घेतले ते इटलीतील पिसाच्या वळणाचे. कॅशेलचा खडक तेथून दूर नव्हता, तरी त्यांचे डोळे रोमच्या दिशेला लागले होते. तात्पर्य, एकच गोल मनोरा दोन्ही बाजूंना आपला वाटत होता आणि आयरिशपणा हा शैलीत आपोआप सापडणारा गुण नव्हता.

५.६ किल्डेअर स्ट्रीटचा वाद

शैली हा पुरावा होऊ शकत नसेल तर काय होऊ शकेल? या प्रश्नाचे डब्लिनमधील किल्डेअर स्ट्रीट हे उत्तम उत्तर आहे, म्हणून येथे थोडे अधिक थांबू.

१८७७च्या एका कायद्याने डब्लिनमध्ये विज्ञान व कला यांचे संग्रहालय आणि राष्ट्रीय ग्रंथालय उभारण्याचे ठरले. कारभार लंडनच्या विज्ञान व कला खात्याकडे होता. जागा होती लेन्स्टर हाऊस या १७४०च्या दशकातील भव्य हवेलीच्या अंगणात. आराखड्यांची स्पर्धा झाली आणि अंतिम फेरीसाठी जे पाच आराखडे निवडले गेले, त्यांत एकही आयरिश वास्तुरचनाकाराचा नव्हता. शहरात संतापाची लाट उसळली. तिला ताज्या जखमेची पार्श्वभूमी होती. १८८१मध्ये डब्लिनमध्ये सुरू झालेली लाल विटांची मोठी मंडई ब्रॅडफर्डच्या लॉकवुड आणि मॉसन यांनी रचली होती आणि बाहेरून आणलेल्या रचनाकारांच्या व कामगारांच्या हातून ती झाल्याबद्दल लोकांचा रोष होता.

हा वाद केवळ अभिमानाचा नव्हता. आराखडा लंडनचा असला, की कंत्राटदार, खाण आणि कारागीर हेही तिकडचेच येतात, हा अनुभव होता. ज्या देशातून दर आठवड्याला तरुण सुतार आणि पाथरवट जहाजात चढत होते, तेथे एका सरकारी इमारतीची घडाई म्हणजे शेकडो घरांची चूल होती. अखेर स्पर्धा पुन्हा घ्यावी लागली. त्यात टॉमस न्यूएनहॅम डीन आणि त्यांचे पुत्र टॉमस मॅन्ली डीन यांची निवड झाली. १८८५मध्ये प्रिन्स ऑफ वेल्सच्या हस्ते कोनशिला बसली आणि १८९०मध्ये दोन्ही इमारती खुल्या झाल्या.

थोरल्या डीन यांचा पूर्वेतिहास येथे उपयोगी पडतो. १८५०च्या दशकात बेंजामिन वुडवर्ड यांच्याबरोबर त्यांच्या पेढीने ट्रिनिटी कॉलेजची म्युझियम बिल्डिंग बांधली होती. तीत आयरिश संगमरवराच्या रंगीत स्तंभांचा वापर आहे. कोरीवकाम कॉर्क परगण्यातील ओ’शे बंधूंचे. रचनाकाराने कागदावर काढून दिलेली पाने कोरण्याऐवजी समोर ठेवलेली खरी फुलेपाने पाहून ते कोरत असत. पाथरवटाला असे स्वातंत्र्य देणे त्या काळी नवलाचे होते. पुढे ऑक्सफर्डच्या संग्रहालयात ओ’शे यांनी विद्यापीठाच्या धुरीणांची टर उडवणारे पोपट आणि घुबडे कोरल्याची आणि त्यावरून त्यांना काम सोडावे लागल्याची कथा प्रसिद्ध आहे.

किल्डेअर स्ट्रीटवर मात्र डीन पितापुत्रांनी गॉथिक बाजूला ठेवले. मध्ये लेन्स्टर हाऊस असल्याने त्याच्याशी जुळेल अशी अभिजात रचना त्यांनी केली. अंगणाच्या दोन बाजूंना दोन इमारती, दोघींच्या दर्शनी भागात स्तंभांनी वेढलेले गोलाकार प्रवेशदालन, एक दुसरीचे प्रतिबिंब. संग्रहालयाचे दालन घुमटाखाली असून रोममधील पँथिऑनची आठवण देते. जमिनीवर राशिचक्राचे चित्र रंगीत खड्यांत जडवले आहे. मधले मोठे दालन ओतीव लोखंडाच्या सडसडीत स्तंभांवर उभे आहे आणि त्याच्या काचेच्या छतातून उजेड येतो. ग्रंथालयाचे वाचनदालन नालाकृती आहे.

मग या ग्रीक-रोमन देहात आयरिश काय? पायाशी लेन्स्टर प्रांतातील ग्रॅनाइट, वरच्या भागात डोनेगल परगण्यातील माउंटचार्ल्सचा वालुकाश्म, आत कॉर्क, किल्केनी, गॉलवे, लिमरिक, आर्मा येथील वेगवेगळ्या रंगांचे संगमरवरी स्तंभ. प्रवेशदालनातील हे स्तंभ म्हणजे देशाचा नकाशाच आहे. मात्र कोरीव लाकडी दारे इटलीतील सिएनाच्या कार्लो काम्बी यांची आणि दारांभोवतीची चकचकीत रंगीत मातीकामाची चौकट इंग्लंडमधील लीड्सच्या बर्मनटॉफ्ट्स कारखान्याची. स्पर्धा आयरिश माणसाने जिंकली तरी सगळी चूल आयरिश घरांतच पेटली असे नाही. आणखी एक खेदाची गोष्ट : ज्या डोनेगलच्या दगडाचा एवढा अभिमान होता, तो डब्लिनच्या हवेत टिकला नाही. थरांनी सुटू लागला आणि पुढे दुरुस्त्या कराव्या लागल्या. देशी असणे आणि टिकाऊ असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे गवंड्यांना ठाऊक होते. समित्यांना उशिरा कळले.

१८९०मध्येच रॉयल आयरिश अकॅडमीचा संग्रह येथे आला. त्यात आठव्या शतकातील आर्डाचा चषक आणि तारा ब्रोच यांसारखी अजोड धातुकामे होती. १९००मध्ये संग्रहालय लंडनच्या खात्याकडून आयर्लंडच्या कृषी व तंत्रशिक्षण खात्याकडे आले, १९०८मध्ये त्याच्या नावात ‘राष्ट्रीय’ हा शब्द आला. स्वातंत्र्यानंतर मधल्या लेन्स्टर हाऊसमध्ये आयर्लंडची संसद भरू लागली.

आपली प्रगती तपासा : किल्डेअर स्ट्रीटवरील संग्रहालयाला ‘आयरिश वास्तू’ म्हणावे काय? आरंभीचे चार प्रश्न एकेक लावून उत्तर लिहा. ‘होय’ आणि ‘नाही’ ही दोन्ही उत्तरे ग्राह्य आहेत, कारणे हवीत.

५.७ बेलफास्ट : अपवाद

उर्वरित देश रिता होत असताना ईशान्येकडील बेलफास्ट भरत होते. लिननचे कापड, जहाजबांधणी आणि यंत्रे यांच्या बळावर शतकाच्या आरंभीचे सुमारे २० हजार वस्तीचे गाव १९०१मध्ये साडेतीन लाखांच्या घरात पोहोचले आणि डब्लिन शहराला मागे टाकून गेले. १८८८मध्ये त्याला अधिकृत ‘शहर’ दर्जा मिळाला. लाल वीट, तांबडा वालुकाश्म, गिरण्यांची धुराडी ही त्याची ओळख. फ्रँक मॅचम यांचे १८९५चे ग्रँड ऑपेरा हाऊस आत हत्तींच्या मुखांनी सजलेले आहे; साम्राज्याच्या बंदरात बसून पाहिलेले हे पौर्वात्य स्वप्न. क्राउन सलून या मद्यगृहातील झगमगत्या फरश्या आणि कोरीव लाकूड नव्या चर्चांसाठी आलेल्या इटालियन कारागिरांनी कामाचे तास संपल्यावर केले, असे सांगतात. नव्या नगरभवनासाठी शहराने घुमटाची रचना आणि पांढरा पोर्टलंड दगड निवडला. काम १८९८मध्ये सुरू झाले, १९०६मध्ये संपले आणि पैशाचा मोठा वाटा नगरपालिकेच्या गॅस कारखान्याच्या नफ्यातून आला. दगड इंग्लंडचा, रचनाकार ब्रुमवेल टॉमस इंग्लंडचे. डब्लिनमध्ये ज्यावरून गदारोळ झाला, ते बेलफास्टच्या सत्ताधाऱ्यांना भूषण वाटले.

५.८ घरे

वास्तुकलेच्या इतिहासात घरांना शेवटचे पान मिळते. येथेही ते शेवटीच आले, हे मान्य करावे लागेल.

१८४१च्या जनगणनेत घरांचे चार वर्ग केले होते. चौथा वर्ग म्हणजे मातीच्या भिंतींची एका खोलीची झोपडी. अशी सुमारे चार लाख ९० हजार घरे होती, एकूण घरांच्या तिसऱ्या हिश्शाहून अधिक. दहा वर्षांनी ती एक लाख ३५ हजारांच्या आसपास उरली. हा आकडा वाचताना थांबा. झोपड्यांची जागा चांगल्या घरांनी घेतली म्हणून त्या कमी झाल्या नाहीत. त्यांत राहणारी माणसे मेली, निघून गेली किंवा त्यांना बाहेर काढून छपरे पाडली गेली.

सुधारणा आली ती उशिरा. १८८३च्या शेतमजूर-गृह कायद्याने स्थानिक मंडळांना सरकारी कर्जातून मजुरांसाठी घरे बांधण्याचा अधिकार मिळाला. प्रत्येक घरासोबत अर्धा एकर जमीन. पुढे १८९२पासून एक एकरापर्यंत. पक्क्या भिंती, गवताऐवजी स्लेटचे छप्पर, स्वयंपाकघर आणि झोपण्याच्या खोल्या. पहिल्या महायुद्धाच्या सुमारास अशी चाळीस हजारांहून अधिक घरे उभी होती. सार्वजनिक पैशातून ग्रामीण मजुरांसाठी एवढ्या प्रमाणावर घरे बांधण्यात आयर्लंड इंग्लंडच्या पुढे होते. या घरांना शिखर नाही, शिल्प नाही, कोनशिला नाही. प्रस्तुत लेखकाच्या मते या काळातील आयर्लंडचे सर्वांत मोठे बांधकाम मात्र हेच होय.

डब्लिनची कहाणी वेगळी. उमराव लंडनला गेल्यावर ओस पडलेल्या अठराव्या शतकातील हवेल्या मालकांनी खोलीखोलीने भाड्याने दिल्या. नक्षीदार छताखाली एका दालनात एक कुटुंब, कधी दोन. १८७६मध्ये स्थापन झालेल्या कारागीर-गृह कंपनीने नीटनेटक्या विटांच्या घरांच्या रांगा उभारल्या, पण भागधारकांना लाभांश द्यायचा असल्याने भाडे कुशल कामगारालाच परवडे. एडवर्ड सेसिल गिनेस यांनी १८९०मध्ये लंडन आणि डब्लिनमधील गरिबांच्या घरांसाठी अडीच लाख पौंड दिले. डब्लिनच्या वाट्याला त्यांतले पन्नास हजार आले. व्हिक्टोरियानंतर बारा वर्षांनी, २ सप्टेंबर १९१३ रोजी, चर्च स्ट्रीटवरील अशा दोन जुन्या इमारती भाडेकरूंसह कोसळल्या आणि सात माणसे दगावली. त्यानंतर नेमलेल्या चौकशीत आढळले, की शहरातील २० हजारांहून अधिक कुटुंबे एकेका खोलीत राहतात.

स्वाध्याय

१. ‘देश रिता होत होता म्हणूनच मनोरे चढू शकले’ या विधानाची कोव्ह येथील कॅथीड्रलच्या आधारे चर्चा करा. हे विधान बेलफास्टला लागू पडते काय?

२. आयरिश रोमनेस्क शैलीवर दोन पंथांनी सांगितलेला हक्क सोदाहरण स्पष्ट करा.

३. तुमच्या गावातील अथवा शहरातील १९०१पूर्वीची एक इमारत निवडा. पैसा, आराखडा, दगड व कारागीर आणि वापरणारे लोक, या चार अंगांनी तिची माहिती जाणत्या माणसांकडून मिळवून सुमारे तीनशे शब्दांत टिपण लिहा. इमारतीचे छायाचित्र जोडले नाही तरी चालेल. भिंतीत शैली, दगड किंवा चुना जेथे बदललेला दिसेल, त्या जागेचे हाताने काढलेले रेखाटन मात्र जोडा.